तुटलेला स्टड आणि सैल पडलेलं चाक: ट्रॅकवर जाणाऱ्या एका जुन्या स्विफ्टचं प्रकरण

पार्श्वभूमी

हिंगणघाट तालुक्यातलं एक गाव. राष्ट्रीय महामार्ग ४४ पासून चार किलोमीटर आत, त्यातला शेवटचा दीड किलोमीटर पांदण रस्ता. दोन भावांचं कापूस-सोयाबीनचं वावर आहे, धाकट्याचं तालुक्याला शेती अवजारांचं वर्कशॉप. गाडी त्याची: पहिल्या पिढीतली पेट्रोल मारुती स्विफ्ट, वरच्या प्रकारातली, म्हणजे कंपनीतून १८५/७० आर १४ टायरवर (रुंदी १८५ मिमी, भिंतीची उंची रुंदीच्या ७० टक्के, रिम १४ इंची) आलेली. वर्षातून दोनदा ही गाडी रस्त्याने चेन्नईला जाते. नागपूर-हैदराबाद महामार्गाने हैदराबाद, तिथून खाली चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ३.७१७ किलोमीटरचा रेसिंग ट्रॅक. एका बाजूचं अंतर हजार किलोमीटरच्या वर. तिथे दोन दिवस, रोज पाच-सहा फेऱ्या, प्रत्येक पंधरा-वीस मिनिटांची. मग त्याच चाकांवर घरी. उरलेलं वर्ष गाडी बाजार, दवाखाना आणि वावराच्या कामाला.

म्हणजे एकाच चाकाला तीन कामं. ट्रॅकवर ब्रेक तापून रिमपर्यंत उष्णता पोचते, महामार्गावर तासन्‌तास एकाच वेगात पळायचं असतं, आणि गावात काळ्या मातीचा चिखल व पऱ्हाटीचे खुंट असतात. यातला एकेक त्रास चाक सोसतं. इथे तिन्ही एकमेकांना मिळाले.

गाडीवर बाहेरून घेतलेली १५ × ६.५ इंची अलॉय होती. टायर १९५/५५ आर १५, पुढे एका कंपनीचे, मागे दुसऱ्या. हे रिम मूळ रिमपेक्षा रुंद असल्याने आतली कड पुढच्या शॉकअपला घासायला आली होती, म्हणून पुढच्या दोन्ही चाकांमागे ५ मिमीचे स्पेसर, म्हणजे रिम आणि हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) यांच्या मधल्या चकत्या, घातले होते. स्टड, म्हणजे हबमधून बाहेर आलेले, चाकाचे नट बसायचे बोल्ट, कंपनीचेच, एम१२ × १.२५ (जाडी १२ मिमी, आट्यांमधलं अंतर १.२५). रिमचं मधलं भोक ७३.१ मिमी आणि स्विफ्टच्या हबचा उंचवटा ५४.१ मिमी, मधली जागा भरायला प्लास्टिकच्या रिंगा.

अडचण

चेन्नईहून परतताना आदिलाबाद ओलांडल्यावर ८०-८५ च्या वेगाला स्टिअरिंग थरथरू लागलं. थरथर नवी नव्हती. आधीच्या फेरीनंतरही ती होती आणि तेव्हा दोनदा बॅलन्सिंग करून घेतलं होतं. या वेळी मात्र ती वाढत गेली. पांढरकवड्याच्या अलीकडे गाडी थांबवली. डाव्या पुढच्या चाकाचा एक नट पान्याने पाऊण फेरा फिरला. शेजारच्या पंक्चरवाल्याने गनने चारही नट आवळून दिले. गाडी घरी पोचली.

सकाळी चाक काढायला घेतलं तेव्हा एक स्टड तुटलेला होता. नट आणि त्यात अडकलेला तुकडा रिमच्या खोबणीत तसाच बसून होता, त्यामुळे वरून चारही नट जागेवर दिसत होते. दुसरा नट सुटेना आणि आवळेना. वर्कशॉपमधला मिस्त्री म्हणाला, "भाऊ, हा नुसता गोल फिरून रायला, याचे आटे मेले." चारपैकी दोनच स्टड चाक धरून होते, आणि तेही ताणलेले.

पहिला निर्णय इथेच चुकला होता, पांढरकवड्याला. सैल झालेला नट पुन्हा आवळण्याआधी चाक उतरवून मागे बघायला हवं होतं. नट आपोआप सैल होत नाही. काही तरी हललं म्हणून तो सैल होतो, आणि जे हललं ते आवळल्याने जागेवर जात नाही. गनने तर उरलेल्या स्टडवर आणखी ताण चढला.

तपासणीत काय दिसलं

चाक उतरवून हब, स्पेसर, रिम, नट सगळं एका स्वच्छ पोत्यावर क्रमाने मांडलं. पुसायच्या आधी बघितलं. हे महत्त्वाचं, कारण पुरावा धुळीतच असतो.

तुटलेल्या स्टडचा तोंडवळा आधी. साधारण दोन तृतीयांश भाग गुळगुळीत, काळपट, त्यावर नदीकाठच्या गाळासारख्या बारीक वक्र रेषा. उरलेला तिसरा भाग चमकदार आणि दाणेदार. याचा अर्थ हा स्टड एका फटक्यात गेला नाही. एका कडेला चीर पडली, ती दर फेऱ्याला थोडी थोडी सरकत गेली, आणि शेवटी उरलेला भाग तटकन तुटला. स्टड एकाच वेळी जास्त आवळून तुटला असता तर तो मधून बारीक होऊन, पिळवटून तुटलेला दिसला असता. म्हणजे दोष एका दिवसाचा नव्हता.

स्पेसरच्या दोन्ही बाजूंना लालसर तपकिरी भुकटी होती. दोन धातू एकमेकांवर सूतभरही नाही, केसाएवढे घासले की अशी भुकटी पडते. चाक हबवर सरकत होतं याची ही खूण.

प्लास्टिकची रिंग वितळून एका बाजूला जाड, एका बाजूला कागदासारखी झालेली. शिवाय ती मुळातच निरुपयोगी ठरली होती: ५ मिमीचा स्पेसर घातल्यावर हबचा उंचवटा जेमतेम बाहेर उरतो, रिंगेला बसायला जागाच राहत नाही.

हबच्या तोंडावर एका बाजूला वाळलेल्या काळ्या मातीचा पापुद्रा सापडला. दोन महिन्यांपूर्वी पऱ्हाटीचा खुंट घुसून पांदणीवर पंक्चर झालं होतं आणि चाक चिखलातच बदललं होतं. तेव्हाची माती रिम आणि हबच्या मध्ये दाबली गेली. असा पापुद्रा पुढे भुगा होऊन निघून जातो, आणि जेवढी त्याची जाडी तेवढी नटाची पकड सुटते.

नटांची तपासणी सोपी होती. सोळा नट नव्या स्टडवर बोटांनी फिरवून बघितले. तीन नट अर्ध्यात अडले. डाव्या पुढच्या चाकाच्या नटांच्या शंकूवर चमक फक्त अर्ध्या भागावर होती, पूर्ण वर्तुळात नव्हती. रिममधली बैठकही तिथे लंबगोल झालेली. ते रिम तिथेच बाद.

मग फेरे मोजले. स्पेसर असताना नट बोटाने लावल्यापासून घट्ट बसेपर्यंत साडेपाच फेरे घेत होता. आट्यांमधलं अंतर १.२५ मिमी, म्हणजे पकड ७ मिमीच्या आत. स्पेसर काढून मोजले तर साडेनऊ फेरे, जवळपास १२ मिमी. पोलादी स्टडवर नट निदान स्टडच्या व्यासाइतका चढावा असा ढोबळ नियम आहे. इथे तो अर्ध्यावर आला होता. स्पेसर विकणाऱ्याने ही मोजणी सांगितली नव्हती. ती करायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

शेवटी बेअरिंग. डावं चाक वर-खाली (घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी) धरून हलवलं तर ढिलेपणा जाणवला. कोणीतरी ब्रेक दाबून धरल्यावर तो नाहीसा झाला. ब्रेक दाबल्यावर ढिलेपणा गेला तर दोष बेअरिंगचा. राहिला तर खालचा बॉल जॉइंट किंवा इतर सांधे बघायचे. इथे बेअरिंग गेलेलं होतं.

मूळ कारण

चाकाचा भार स्टड उचलत नाही, हे इथे नीट सांगायला हवं. नट आवळला की स्टड रबरासारखा किंचित ताणला जातो आणि रिमला हबवर दाबून धरतो. त्या दाबामुळे दोन तोंडांमध्ये जे घर्षण होतं, तेच चाकाचा भार, ब्रेकचा झटका आणि वळणाचा जोर घेतं. दाब टिकून आहे तोवर स्टड फक्त ताणात असतो. दाब कमी झाला की रिम सरकायला लागते आणि स्टड दर फेऱ्याला वाकतो, सरळ होतो. ८० च्या वेगाला ५९५ मिमीचं चाक मिनिटाला सातशेच्या आसपास फेरे घेतं. हैदराबाद ते हिंगणघाट एवढ्या एका पट्ट्यात किती वेळा वाकला ते मोजून बघावं.

इथे दाब चार बाजूंनी कमी झाला: अर्धवट चढलेले नट, मध्ये दाबलेली माती, मध्यभागी न बसलेली रिम आणि ट्रॅकवर तापून-निवून सैलावलेले सांधे. आणि एका बाजूने वाढला, पंक्चरच्या दुकानांत गनने आवळून. जास्त आवळलेला स्टड लवचिकतेच्या पलीकडे ताणला जातो, परत मूळ लांबीला येत नाही आणि पुढच्या वेळी तेवढाच टॉर्क (पान्याने दिलेला पिळाचा जोर) लावूनही कमी पकडतो.

दोनदा बॅलन्सिंग करूनही थरथर का गेली नाही, याचंही उत्तर इथेच आहे. बॅलन्सिंगच्या मशीनवर चाक मधल्या भोकातून शंकूवर बसवतात, तिथे ते अगदी मध्यभागी असतं. गाडीवर तेच चाक हबवर एका बाजूला सरकून बसत होतं. मशीन शून्य दाखवतं, गाडी थरथरते. एकदा बॅलन्सिंग करूनही फरक पडला नाही तर दुसऱ्यांदा बॅलन्सिंगला पैसे घालू नयेत. चाक गाडीवर असताना रिमच्या कडेला डायल गेज (काट्याचं बारीक मापक) लावून ते वर-खाली किती होतं ते बघावं.

पर्याय

मिस्त्रीचं पहिलं मत होतं दोन स्टड बदलून मोकळं व्हायचं. खर्च दोन-तीनशे. हे नाकारलं, कारण उरलेले दोन स्टड त्या रात्री सगळा भार घेऊन आले होते. एक स्टड तुटला की त्या हबचे सगळे बदलायचे, यात सवलत नाही.

दुसरा पर्याय: लांब स्टड घालून स्पेसर तसाच ठेवायचा. पकडीचा प्रश्न यातून सुटला असता. पण ५ मिमीच्या स्पेसरला स्वतःचा उंचवटा देता येत नाही, तेवढी जाडीच नसते. चाक पुन्हा फक्त नटांच्या भरवशावर मध्यभागी बसलं असतं. मूळ दोष तसाच.

तिसरा: स्पेसर काढून तीच रिम. शॉकअपपासून मोकळीक फक्त ३ मिमी उरत होती. वळणात टायर आणि रिम थोडे लवतात, त्याला ही पुरत नाही.

चौथा: तेवढ्याच ऑफसेटची (रिमच्या मध्यापासून हबवर बसणाऱ्या तोंडाचं अंतर) पण १५ × ६ इंची रिम. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी रुंदी कमी, प्रत्येक बाजूने ६.३५. आतली कड तेवढी दूर जाते आणि स्पेसरची गरजच संपते. एक रिम बाद झालीच होती, म्हणून हा पर्याय वाटला होता तेवढा महाग पडला नाही. हाच घेतला.

टायरचा निर्णय यापेक्षा जास्त चर्चेचा झाला. जुन्या टायरांचं मोजमाप असं: डाव्या पुढच्या टायरची बाहेरची कड १.२ मिमी, मध्य ३.५, आतली कड ४. उजव्याची बाहेरची कड २.१. मागचे दोन्ही ५ मिमीच्या आसपास, पण डाव्या मागच्या बाजूच्या भिंतीवर खुंटाने पडलेली बोटाच्या दोन पेरांएवढी चीर, आत दोरे दिसत होते. झिजेची खूण १.६ मिमीला असते. पुढचा डावा त्याच्या खाली गेला होता. मागचे टायर पुढे आणायचा विचार आला, पण दोरे दिसणारा टायर कुठेच चालत नाही आणि एका आसावर दोन वेगळे टायर घालून ट्रॅकवर जाणं धोक्याचं. चारही बदलायचे ठरले.

पुन्हा १९५/५५ आर १५ घ्यावे असं थोरल्याचं मत होतं, कारण वळणात ते कडक राहतात. आकडे वेगळं सांगत होते. १९५/५५ आर १५ चा व्यास ५९५.५ मिमी, कंपनीच्या १८५/७० आर १४ चा ६१४.६. म्हणजे ३ टक्के लहान चाक, वेगमापक तेवढा जास्त दाखवणार आणि गाडीचं पोट ९-१० मिमी खाली. भारांक ८५, म्हणजे एका टायरला ५१५ किलो; मूळ टायरचा ८८, म्हणजे ५६० किलो. १९५/६० आर १५ चा व्यास ६१५ मिमी, भारांक ८८. मूळ आकाराशी जवळपास तंतोतंत. टायरची भिंतही १०७ ऐवजी ११७ मिमी उंच, पांदणीवर खुंट आणि दगड सोसायला बरी.

अर्ध-स्लिक, म्हणजे जेमतेम खाचांचे, टायर ट्रॅकवर नक्कीच जास्त पकडले असते. पण या गाडीला ट्रॅकवर जाऊन-येऊन दोन हजार किलोमीटरचा महामार्ग आहे, आणि जुलै-ऑगस्टमध्ये त्या महामार्गावर जागोजागी पाणी साचतं. कमी खोलीच्या खाचांचा टायर पाण्यावर तरंगायला लागतो. ट्रॅकचे टायर वेगळ्या रिमवर, गाडीत मागे भरून न्यायचे, हा पर्याय खरा चांगला आहे. खर्चामुळे तो या वर्षी टाळला.

आणखी एक मोह गोदामात होता. गाडीची मूळ १४ इंची स्टेपनी, कधी न वापरलेली, पूर्ण खाचांची. बाजूच्या भिंतीवरच्या शेवटच्या चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष असतं. ते वाचल्यावर टायर नऊ वर्षांचा निघाला. नखाने दाबला तर नख रुतत नव्हतं, खाचांच्या तळाशी बारीक भेगा. विदर्भातल्या उन्हाळ्यात पत्र्याच्या गोदामात पडून टायर कडक होतो, मग खाच कितीही असो. रिम ठेवली, टायर टाकला.

काय केलं

दोन्ही पुढचे हब उतरवायचे ठरले. उजवं बेअरिंग आवाज करत नव्हतं, मिस्त्री म्हणाला, "काहून खर्च करता?" पण उजवे स्टड बदलायला हब प्रेसने बाहेर काढायचं होतं, आणि या बांधणीत हब बाहेर आलं की बेअरिंगची आतली कडी हबला चिकटून येते, बेअरिंग निकामी होतं. तेव्हा दोन्ही बेअरिंगं नवी आणली. मागचे स्टड मोजले, नवा नट शेवटपर्यंत बोटाने फिरला, लांबी नव्या स्टडइतकीच भरली. तिथे फक्त नट बदलले.

साहित्य: आठ स्टड, सोळा नट, दोन बेअरिंग, एक हब, दोन नवे अ‍ॅक्सल नट, ७३.१ ते ५४.१ च्या चार अ‍ॅल्युमिनियम रिंगा, चार रिम, चार टायर, स्टेपनीला एक १८५/७० आर १४, पाच व्हॉल्व्ह.

एसटीने नागपूरहून आलेल्या पार्सलमध्ये रिंगा ७३.१ ते ५६.१ च्या निघाल्या, होंडाच्या हबच्या मापाच्या. हबवर त्या सरकून बसल्या, दुकानदार फोनवर म्हणाला चालतं. चालत नाही. प्रत्येक बाजूला १ मिमी मोकळी राहते, आणि रिंगेचं कामच ते १ मिमी भरायचं. परत पाठवल्या, दोन दिवस गेले.

नटांच्या मापाचीही अशीच काळजी घ्यावी लागते. होंडा, टोयोटा, ह्युंदाईचे नट एम१२ × १.५ असतात आणि दुकानात तेच जास्त मिळतात. ते या स्टडवर दोन-तीन आटे जातात, मग जड होतात. तिथे गन लावली की नट आणि स्टड दोन्ही गेले. म्हणून नट कायम बोटांनी निदान पाच-सहा फेरे चढवावा, मग पाना.

उतरवण्याचा क्रम असा होता. अ‍ॅक्सल नटाची ठोकलेली कडा उघडून, गाडी जमिनीवर असतानाच, ब्रेक दाबून तो सैल केला. मग जॅक, आणि जॅकवर भरवसा न ठेवता खाली घोड्या. कॅलिपर तारेने स्प्रिंगला टांगला, पाइपवर लोंबकळत सोडला नाही. एबीएसचा सेन्सर काढून बाजूला बांधला, नाहीतर प्रेसखाली तो हमखास चिरडतो. टाय रॉड, खालचा जॉइंट, शॉकअपचे दोन बोल्ट, आणि नकल (हब आणि बेअरिंग धरणारा भाग) हातात आलं.

ट्रॅक्टरच्या कामाला लागणारा हायड्रॉलिक प्रेस धाकट्याच्या वर्कशॉपमध्येच होता. हब निघालं, अपेक्षेप्रमाणे आतली कडी चिकटून. ग्राइंडरने कडीवर तिरकी खाच घेतली, हबला न लागेल इतकी, आणि छिन्नीच्या एका घावात ती फुटली. डाव्या हबचं तुटलेल्या स्टडचं भोक मोकळं झालं होतं. नवा स्टड दातेरी भागापर्यंत हाताने आत जात होता. दातेरी भाग भोकात कचकचून बसला नाही तर पुढे नट काढताना स्टडच फिरतो. म्हणून डावं हब नवीन.

नवं बेअरिंग नकलमध्ये दाबताना जोर फक्त बाहेरच्या कडीवर. नंतर हब बसवताना आधार फक्त आतल्या कडीखाली. हे उलटं झालं तर दाब गोळ्यांमधून जातो आणि नवं बेअरिंग दोन-तीन महिन्यांत घुरघुरायला लागतं. स्टड प्रेसनेच बसवले, टोपी हबला पूर्ण टेकेपर्यंत. ज्यांच्याकडे प्रेस नसतो ते चाकाच्याच नटाने स्टड ओढून घेतात. त्यात नटाचा शंकू खराब होतो. ओढायचाच असेल तर वेगळा, टाकायचा नट आणि दोन-तीन जाड वॉशर वापरावेत.

गाडीवर बसवल्यावर हबच्या तोंडाला डायल गेज लावला. पूर्ण फेऱ्यात काटा ०.०३ मिमी हलला. ०.०५ च्या आत असला की पुढे जायला हरकत नाही. डिस्क आणि रिमची तोंडं वायर ब्रशने आणि पॉलिश पेपरने धातू दिसेपर्यंत घासली. नव्या रिमच्या बैठकीच्या तोंडावर रंगाचा जाड थर होता, तोही घासून काढला. रंग दाबाखाली हळूहळू सरकतो आणि तेवढी पकड जाते.

स्टड कोरडे ठेवले. ग्रीस लावायची सवय इथे सगळ्यांना आहे, गंजू नये म्हणून. पण टॉर्क पान्यावर दिसणाऱ्या जोरातला जवळपास अर्धा नटाच्या बैठकीवरच्या घर्षणात जातो, बराचसा आट्यांत जातो आणि साधारण दहावा हिस्साच स्टड ताणतो. ग्रीसने घर्षण घटलं की नट आवळायचा तोच ८५ न्यूटन-मीटरचा टॉर्क स्टडला कितीतरी जास्त ताणतो. ग्रीसचा पातळ हात फक्त हबच्या उंचवट्यावर, रिंगेसाठी.

आवळताना आधी हाताने, मग समोरासमोरच्या क्रमाने ४० न्यूटन-मीटर, मग ८५, चाक जमिनीला जेमतेम टेकलेलं असताना. ८५ म्हणजे किती, याचा अंदाज असावा: ३० सेंटीमीटरच्या पान्याच्या टोकाला सुमारे २९ किलोचा जोर. पान्याला मीटरभर पाइप लावून ६० किलोचा माणूस त्यावर उभा राहिला तर ते ५९० च्या घरात जातं.

शॉकअपचे बोल्ट सुटले होते, त्यामुळे अलाइनमेंट करावीच लागणार होती. बाहेरची कड झिजत होती म्हणून कॅम्बर बोल्ट घालून पुढची चाकं वरून १.२ अंश आत झुकवली, टो (चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन) शून्याजवळ. जास्त झुकवली असती तर महामार्गावर आतली कड खाल्ली गेली असती.

परिणाम

८० किलोमीटर चालवून गार झाल्यावर पुन्हा टॉर्क पाहिला. पुढचे आठपैकी तीन नट किंचित सरकले, नंतर एकही नाही. नव्या टायरना ट्रॅकआधी २०० किलोमीटर सौम्य चालवलं. थरथर १०० पर्यंत कुठेच नाही.

पुढच्या ट्रॅक फेरीत प्रत्येक वेळी गाडी गार झाल्यावर नट तपासले. गरम असताना आवळले नाहीत, हातब्रेकही ओढला नाही. चाकांमागे दगड लावले. हवा सकाळी २९ पीएसआय भरली, ट्रॅकवरून आल्यावर मोजली तर ३६ झाली होती. तेवढीच हवा उन्हाळ्यात गावात सकाळी आणि दुपारी अडीच-तीन पीएसआयने वेगळी दिसते, म्हणून भरताना वेळ लिहून ठेवायची सवय लावली. दोन दिवसांनंतर डाव्या पुढच्या टायरची बाहेरची कड ०.८ मिमी झिजली, मध्य ०.६. आधी हा फरक दुपटीच्याही वर होता.

एक नवा त्रास निघाला. अ‍ॅल्युमिनियमची रिंग हबच्या उंचवट्याला गंजाने धरते. पावसाळ्यानंतर डावं चाक लाकडी ठोकळ्याने आतून ठोकून काढावं लागलं. दर दोन-तीन महिन्यांनी चाक उतरवून तिथे ग्रीसचा हात फिरवणं एवढाच उपाय दिसतो. प्लास्टिक वितळण्यापेक्षा हे बरं.

एकूण खर्च सुमारे ६५ हजार. त्यातले पन्नास हजारांच्या वर टायर आणि रिमांचे. स्टड, नट, बेअरिंग, हब आणि मजुरी मिळून दहा-अकरा हजार.

वेगळं काय करता आलं असतं

स्पेसर घातला त्या दिवशी नटाचे फेरे मोजले असते तर हे प्रकरण उभंच राहिलं नसतं.

पांदणीवर चाक बदलताना खाली पोतं अंथरायचं आणि हबचं व रिमचं तोंड फडक्याने पुसायचं. चिखल असेल तर बाटलीतल्या पाण्याने धुवायचं. त्या दिवशी पाणी गाडीत होतं, पण हबच्या तोंडाकडे बघायचं कोणाच्या मनात आलं नाही.

पांढरकवड्याला चाक उतरवून तुटलेला स्टड दिसला असता तर गाडी तिथेच ठेवून दुसऱ्या दिवशी टो करून आणता आली असती. पैसे गेले असते, पण पांढरकवडा ते हिंगणघाट दोन स्टडवर चालवणं हा या सगळ्यातला सर्वांत धोक्याचा तास होता.

मागच्या स्टडबद्दल दोघा भावांचं अजून एकमत नाही. मोजमापात ते खरे उतरले, पण ट्रॅकवरच्या किती फेऱ्या त्यांनी पाहिल्या याची नोंद नाही. थोरला म्हणतो पुढच्या चेन्नई फेरीआधी तेही बदलून टाकावेत; धाकट्याने तोवर दर फेरीला नवा नट बोटाने शेवटपर्यंत फिरवून बघायचं ठरवलं आहे. आठ स्टड आणून ठेवलेले आहेत. ते डिक्कीत टॉर्क पान्याच्या डब्यात, १९ मिमीच्या सॉकेटशेजारी, फडक्यात गुंडाळून आहेत.